हिरव्या ठिपक्याकडे पाहा

हनुवटी इथे. कपाळ पट्टीला टेकवा.
आता समोर हिरवा ठिपका दिसेल,
त्याच्याकडे पाहत राहा.

दिवसातून चाळीसदा म्हणते मी हे,
नेरुळच्या या पडदे ओढलेल्या खोलीत.
आज प्रणित मढवी, वय एकोणीस, करावे गाव,
नखांत अजून विसर्जनाचा गुलाल,
म्हणाला, कुठंय ठिपका?

डाव्या डोळ्यानं सापडला त्याला. उजव्यानं नाही.

ट्रकवरून हिरवी रेघ फिरत होती म्हणे,
ढोलांवर, गॅलरीतल्या बायकांवर, वडाच्या पानांवर.
त्याच्यावर आली तेव्हा तो हसत होता.
"डोले दिपले, बस. दुखलं कायच नाय."

दुखत नाही. पडद्याला दुखायची सोयच नाही.
पण ते सांगणं डॉक्टर पोतनिसांचं काम,
माझं काम फोटो.

फ्लॅश.
स्क्रीनवर उगवतो नारिंगी गोळा,
त्यात शिरा अशा पसरलेल्या
जसं ओहोटीला बेलापूरच्या खाडीत
पाणी चिखलातून वाट काढत जातं.
आणि बरोबर मधोमध,
जिथं अक्षर लागतं, माणसाचं तोंड ओळखू येतं,
तिथं रक्त. मोठं करून पाहिलं तर करवंदाएवढं,
एरवी मोहरीहून बारीक.

त्याची आई दारातून विचारते, कशानं झालं ओ?
मीच पाठवला त्याला, जा म्हटलं, बाप्पाला पोचवून ये.

सगळ्या आया हेच विचारतात
आणि उत्तर यायच्या आत
बोट स्वतःकडे वळवतात.

माझ्या आईचं तीस वर्षं वळलेलं आहे.
दिवाळे गावात दिवाळीची अवस, सकाळीच ग्रहण,
तिला सातवा महिना.
सासूनं खिडक्या लावून बसवलेलं,
पण दाराशी गिऱ्हाईक थांबलं होतं,
आणि तिनं मागल्या पडवीत जाऊन चार पापलेटं कापून दिली.
मी आले ती डाव्या डोळ्यात आंधळा कोपरा घेऊन.
"गरानान मावरा कापला मीनी," अजून सांगते ती,
मला बघायला आलेल्यांनाही सांगितलं,
मी चहाचा ट्रे धरून उभी असताना.

कॅमेरा शिकताना आम्ही सरावाला एकमेकींचे डोळे घ्यायचो.
फरझानानं माझा डावा घेतला आणि गप्प झाली.
पांढरा डाग, कडेनं काजळ सांडल्यासारखं.
सर म्हणाले, हे जन्माआधीचं. टॉक्सो.
एक जंतू. मांजराच्या विष्ठेतून मातीत,
मातीतून हातावर, हातावरून पोटात,
आणि पोटातल्या पोरीच्या पडद्यात जाऊन बसतो.
सूर्याचा काही संबंध नाही, तुझ्या आईला सांग.

त्या संध्याकाळी मी रिक्षा करून घरी गेले.
दे दान, सुटे गिराण!
आज सोडवणारच होते मी ते.

आई मागल्या पडवीत बसलेली,
बोंबलांची डोकी मोडून टाकत होती चिंगीपुढं.
चिंगीच्या आईला अशीच टाकायची,
तिच्या आईलाही,
मी पोटात असताना, रोज, हातानं भरवत.

तोंडाशी आलेलं मी गिळलं.
सूर्य लांब आहे.
त्याच्यावर ठेवलेला दोष
संध्याकाळी येऊन पायाशी अंग घासत नाही.

"लवकर आलीस गो?" म्हणाली.
डोकं दुखतंय म्हटलं.

प्रणितच्या आईला मात्र आज मी बोलले,
तुमच्यामुळं नाही, प्रकाशामुळं.
तिनं मान हलवली. ऐकलं असं वाटलं नाही.
प्रणित एक डोळा झाकून भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता,
मग दुसरा झाकून,
मग पुन्हा पहिला.

पुढचे कोण? या.
हनुवटी इथे.
हिरवा ठिपका दिसेल,
नाही दिसला तर तसं सांगा.