मसाजीस उत्तर

तेरच्या संग्रहालयात, काचेमागे,
बोटाएवढी एक बाई उभी आहे पांढऱ्या मातीची.
अंबाडा आपल्याकडचा,
अंगावरच्या चुण्या मात्र समुद्रापलीकडच्या.
बाबा तिच्यासमोर चपला काढून उभे राहत,
मग ओशाळून पुन्हा पायात सरकवत.
"मूर्तीला नाही गं," म्हणत, "प्रवासाला."

बाबा म्हणजे एलिया मास्तर, जालन्याहून आलेले.
सहा दिवस पाचवीचं गणित,
सातव्या दिवशी सात घरांचे पाळक.
वेदीपाशीही पटका बांधून उभे राहायचे.
मंडळीच्या वडिलांनी पत्र धाडलं:
प्रभूपुढे पुरुषाचं डोकं उघडं असावं.
बाबांनी उत्तरात रोमच्या एका माणसाची गोष्ट लिहिली,
सोळा पानं, पाठपोट.
तो गुरूमागून गुरू धुंडाळत हिंडला,
शेवटी ख्रिस्ती झाला,
पण तत्त्वज्ञाचा झगा उतरवला नाही त्यानं,
त्याच झग्यात वाद घातले, त्याच नावानं मान दिली.
पत्राला उत्तर आलं नाही.
पटका राहिला.

कंदिलाशी बसून मला सांगत:
तेव्हा आपल्या लोकांनी बादशहाला अर्ज केले,
आपण तहसीलदाराला करतो तसे, सविनय,
की साहेब, आम्ही नास्तिक नाही.
देवळात फुलं वाहत नाहीत
म्हणून नास्तिक ठरले होते ते!
मला हसू यायचं.
बाबांना यायचं नाही.

आणि मग मसाजी कुंभार.
तेरणेच्या काठावर त्याचं चाक,
संध्याकाळी बाबा तिथं दगडावर बसत, वही घेऊन.
"मास्तर, तुमचं समदं पटतंय.
पर तुमच्या देवानं काम सुरू केलं
तवा माती कुनी कालवून ठिवली व्हती?"
"माती नव्हतीच, मसाजी. फक्त शब्द होता."
मसाजी इतका हसला की चाकावरचं गाडगं बसलं.
"बिगर मातीचं मडकं?
मंग त्यो कुंभार न्हाई, गारुडी हाय!"

त्या रात्री बाबा जेवले नाहीत नीट.
दीड हजार वर्षांहून जुना प्रश्न,
अथेन्सच्या ओसऱ्यांवर दाढ्या कुरवाळत विचारलेला:
द्रव्य अनादी, देव फक्त आकार देणारा.
आणि तो विचारणारा इथं,
गुडघ्यापर्यंत चिखलात, बिडी कानाला लावून.

दुसऱ्या दिवशी बाबा तयारीनं गेले.
"माती पहिल्यापासून असेल, तर ती देवाच्या तोडीची झाली.
मग देव दोन झाले की रे."
"असू द्या की दोन.
एकट्याला करमत नसंल."

असं सात महिने.
मग आश्विनात चर्चचा पितळी प्याला चोरीला गेला,
आणि बाबांनी मसाजीकडं मातीचा मागितला.
"मी न्हाई करणार. तुमीच करा. बसा चाकावर.
बोला तुमचा शब्द."
बाबा खरंच बोलले काहीतरी, ओठातल्या ओठात.
माती तशीच बसून.
मग त्यांनी हात लावला, ती एका अंगाला पळाली.
तेव्हा मसाजी मागून वाकला,
बाबांच्या हातांवर हात ठेवले त्यानं,
आणि हळूहळू तो डगमगणारा गोळा
मधोमध आला, जणू फिरतच नाही.
कुणी काही बोललं नाही.
कोण जिंकलं, हेही नाही.
प्याला जरा वाकडाच झाला,
रविवारी त्यातून सात घरं मनुकांचं पाणी प्याली.

बाबा गेले त्याला आता तेवीस वर्षं.
वहीत सतराव्या पानावर मथळा: 'मसाजीस उत्तर'.
खाली दोनदा रेघ मारलेली.
पुढं अक्षर नाही,
वाळलेल्या चिखलाचे ठसे आहेत बोटांचे,
एकावर एक, कुणाचे ते कळत नाही.
मी वही उघडून उन्हात बसते.
वारा येतो तेरणेवरून,
पान तळव्याखाली दाबून धरावं लागतं.