दुधाचे दात

मंगळवारपासून करंदी बदलली.

तोवर ती रात्री माझ्या गुडघ्यामागच्या खोबणीत झोपायची,
हाताला म्हावऱ्याचा वास आला की दारापर्यंत धावायची,
शेपूट ताठ, होडीवरच्या बावट्याच्या काठीसारखं.

मंगळवारी हर्णैच्या बंदरातला लिलाव लिहून घरी आले
तर ती तांदळाच्या डब्यामागे.
हाक मारली. आली नाही.
हात घातला तर फिस्स केलं,
माझ्यावर!
बर्फाच्या क्रेटखालून जिला पदरात गुंडाळून आणलं,
ड्रॉपरने थेंब थेंब दूध पाजलं, ती.
बांगडा ठेवला. हुंगला, एकदा चावला,
आणि मान झटकून अशी मागे सरली
जणू बांगड्यानेच तिला चावा घेतला.

बुधवारी चपलेचा अंगठा गेला.
मग चार्जरची वायर, खाटेचा पाय,
धोंडूने दिलेला जाळ्याचा जुना फ्लोट,
माझ्या वहीचा कोपरा. त्यातही
पापलेटचे भाव होते नेमकं तेच पान.

हमीदाबी म्हणाल्या, नजर लागली.
धोंडू पावसे, जो बोट विकल्यावर
सहा महिने कुणाशी बोलला नव्हता,
उंबऱ्याबाहेर उभा राहून म्हणाला,
काटा अडकला असंल. मांदेलीचा. बारीक असतो, दिसत नाय.
त्याची बायको म्हणाली, घरात जनावर शिरलंय,
मांजराला आधी कळतं.
म्हणून मग टॉर्च घेऊन सगळे डबे हलवले.
एक किल्ली सापडली, कुठल्या कुलपाची आठवेना,
आणि भिंतीच्या कडेला उंदराचं बीळ.
जनावर नव्हतं.

दापोलीच्या डॉक्टरांना फोन केला.
त्यांनी विचारलं, ताप आहे का?
कान धरून पाहिले. गरम होते.
पण उन्हात बसलेल्या मांजराचे कान गरमच असतात,
हे मी त्यांना सांगितलं,
त्यांनी ऐकून घेतलं.

रात्री खाडीवरून गार वारा येत होता.
डब्यामागून एक आवाज यायचा,
म्याव नाही, गुरगुर नाही,
कुणी झोपेत दात खावेत तसा.
मी अकरा वर्षांची असताना एकाएकी
कडी लावून बसू लागले होते.
आईने शेजारणीला विचारलेलं, हिला काय झालं असेल गो?
शेजारणीने काय उत्तर दिलं,
ते कडीमुळे ऐकू आलं नाही.

शुक्रवारी केर काढताना
वाळू, जवळ्याचे तुकडे, केस,
आणि त्यात एक पांढरं काहीतरी.
तांदूळ समजून उचललं.
तांदूळ बोटाला टोचत नाही.
एका बाजूला सुईचं टोक, दुसरीकडे पोकळ,
आत रक्ताचा ठिपका, सुकलेला.

ती तेव्हाच नेमकी जांभई देत होती.
वरच्या बाजूला फट दिसली, लालसर,
आणि फटीत नव्या दाताचं पांढरं टोक.

एवढंच होतं.
हमीदाबी हसल्या, धोंडू हसला नाही,
म्हणाला, दुखत असंल गो तिला,
आणि दुसऱ्या दिवशी कुटून मऊ केलेली करंदी आणून दिली.
करंदीला करंदी!
तिने बशी चाटून पुसली,
फक्त मी बाजूला झाल्यावर.

लहानपणी आम्ही पडलेला दात उंदराच्या बिळात टाकायचो,
बदल्यात त्याच्यासारखा पक्का दात मागायचो.
तोच विधी करायला मी बिळाशी वाकले
आणि अडकले.
काय सांगू त्याला?
बाबा रे, हिला चांगला धारदार दे?

दात काडेपेटीत ठेवून दिला.

आता ती खिडकीच्या कट्ट्यावर झोपते.
मी सवयीने गुडघा दुमडते,
खोबण रिकामी राहते, वारा तिथे शिरतो.
काल मध्यरात्री बिळात खुडबुड झाली.
मी कुशीवर वळले, खाट करकरली.
करंदीने कान टवकारले.
माझ्या दिशेने नाही.