परतीची तारीख

घारपुरेबाईंच्या शोकसभेला
कुणीतरी हाराऐवजी कुकरची रिंग आणली.
आम्ही हसलो, मग कुणी बोलेना.
तुळशीबागेतली तसलीच रिंग बसवून तर
त्यांचं यान शनिपारावरून उडालं
आणि शनीच्या पार गेलं.

अध्यक्ष म्हणाले, तारा विझला तरी प्रकाश...
मागून तांबोळी बाइंडर पुटपुटले,
"बाईंनी हे वाक्य खोडलं असतं."
बाईंची बावीस पुस्तकं त्यांनी बांधली,
वाचल्याशिवाय एकही शिवलं नाही.

मी नववीत, गणितात काठावर.
पोस्टकार्डावर विचारलं होतं,
मंगळावर पाळी आली तर काय करायचं?
उत्तर आलं नाही.
दिवाळी अंकात कथा आली,
यानाची कप्तान: हेमांगी, वय चौदा,
पोट दुखत असताना
धुळीच्या वादळातून यान उतरवणारी.

निघताना ग्रंथपाल निमोणकरांनी
ती जुनी कादंबरी माझ्या नावावर चढवली.
शिक्क्यातलं साल इतकं पुढे सरकेना,
म्हणून पेनने लिहिलं: २१६१.
"गोष्ट तेव्हाच घडते ना," चष्मा पुसत म्हणाले,
"पण उशीर केलात, तर दंड पडेल."