टेबलाचा माथा

पाय झाले. भंगारातला अँगल,
चोपड्याहून एसटीच्या टपावर आणलेला,
एका ठिकाणी वेल्डिंग जरा तिरपं.
उंची माझ्या कोपरापर्यंत.
दुकानातलं टेबल दिराकडे गेलं, तेव्हा
मी फक्त वायंडिंगचं मशीन मागितलं.
ते टेबल तसंही उंच होतं मला;
सोळा वर्षं पाटावर उभी राहून मोटारी भरल्या.

आता वर काय टाकायचं,
यावर अख्ख्या अडावदचं मत आहे.

प्लायवूड मागल्या भिंतीला उभं आहे.
एका रात्री कूलर गळला,
सकाळी त्याची कड पुस्तकासारखी उलगडलेली.

पत्रा टाक, म्हणाला वेल्डर सुपडू.
मे महिन्यात, दुपारी दोनला,
पत्र्याच्या शेडखाली पत्र्यावर कोपर ठेवून बघ, सुपडूभाऊ.
शिवाय त्याच्या कडेला तांब्याच्या तारेचं इनॅमल खरवडतं,
आणि खरवडलेली तार आज नाही, सहा महिन्यांनी जळते,
कुणाच्या तरी केळीत, ऐन पाण्याच्या पाळीला.
शिव्या माझ्या नावाने.

शहाबादी: गार, पुसली की साफ.
पण बेअरिंग ठोकताना एक घाव चुकला
की कोपरा गेला,
आणि गेलेला कोपरा पायाच्या अंगठ्यावर.

सनमायका जावेने सुचवला. फुलाफुलांचा.
सोल्डरचा थेंब पडला की फोड येतो त्याला,
कातडीला येतो तसा.

शेवटी इस्माईलचाचांच्या दुकानात गेले.
मटण घ्यायला नाही, त्यांचा ओंडका बघायला.
चिंचेचा. तीस वर्षं सुरा खातोय.
मधे वाटीएवढा खळगा, पण चीर नाही.
मी हात फिरवला.
झिजतो, तडकत नाही, म्हणाले चाचा,
आणि गिऱ्हाइकाकडे वळले.

चिंच काही मिळाली नाही.
मिळाली बाभूळ, मोडीत काढलेल्या गाडीच्या साट्याची,
पाच फळ्या, फटींत अजून कपाशी अडकलेली.

हिलाल मिस्तरी रंधा मारायला आला.
दोन फळ्यांत पातं बोथटलं. बसला. तंबाखू मळली.
मी विचारतच होते:
तेल पाजू का वॉर्निश? ग्रीस सांडलं तर?
ॲसिड सांडलं तर? वीस वर्षांनी?
तो चिमूट ओठात धरून म्हणाला,
"ताई, वरनं कसाले टिकाडस?
खालनं टिकाड. वरनं बदली टाकजो."

बाभळीवर हार्डबोर्ड. चार कोपऱ्यांत चार स्क्रू.
खराब झाला की उलटा करायचा,
ती बाजूही गेली की नवा,
एक पंखा भरायच्या मजुरीत येतो.

बाभळीला मी तरी जवसाचं तेल पाजलं,
तीन हात.
आता ती कुणाला दिसणार नाही.

काल पहिली मोटर आली. पाच एचपी,
जळक्या वॉर्निशचा वास, आत मेलेली पाल.
एकटीनेच उचलून ठेवली, ठेवताना घासली.
कोऱ्या माथ्यावर वीतभर ओरखडा.
बघत राहिले जरा वेळ.
स्क्रूड्रायव्हर हातात घेतला,
पहिल्या कोपऱ्याच्या स्क्रूपर्यंत नेला,

मग मोटरचं झाकण उघडलं.