ठोकळा क्रमांक सतरा

अठ्ठाविसाव्या दिवशी
ठोकळा क्रमांक सतरा छत्तीसवर फुटला.
चाळीस हवे होते.
ओल्गेर्डने चष्मा कपाळावर सरकवला, म्हणाला,
मिरका, कुठेतरी पाणी मुरतंय.

पाणी नाही, राख मुरतेय,
पिंपात कोबी मुरतो तशी.
हे मी मोठ्याने बोलले नाही.
वहीत लिहिलं: राख तीस टक्के. बाहेर सहा अंश.
नव्वद दिवस थांबावे.

ओतकामाच्या सकाळी पंपावर ओस्ताप होता,
खारकीवचा, नळीवर तळवा ठेवून
मिश्रणाची नाडी बघणारा.
म्हणाला, आज लोण्यासारखं जातंय, पाणी वाढवलंस?
उलट कमी केलं होतं.
जेवणाच्या सुट्टीत त्याला सूक्ष्मदर्शकापाशी बसवलं:
काचेच्या गोट्या, केसाहून बारीक,
काही पोकळ, एकीच्या पोटात दुसऱ्या चार.
सिमेंटचे कण अणकुचीदार, भांडखोर;
त्यांच्यामधून या गडगडत जातात
आणि अख्खा ढीग वाट देतो.
तो बराच वेळ डोळा लावून होता.
मग म्हणाला, आमच्या वीजकेंद्रावर बॉम्ब पडला
तेव्हा हीच उडाली असेल.
त्याचा पाव तसाच राहिला.

तिसऱ्या ट्रकातली राख काळपट निघाली.
बॉयलर धड पेटला नसेल, कोळसा अर्धाकच्चा.
असा कोळसा हवेचे बुडबुडे गिळतो,
जे आम्ही मोजून घालतो
हिवाळ्यात बर्फाला फुगायला जागा म्हणून.
साडेपाचच्या जागी तीन.
ट्रक परत पाठवला.
ड्रायव्हरने शिवी दिली ती काशुबियनमध्ये,
त्यामुळे निम्मीच लागली.

सिमेंट भिजलं की चुना मागे टाकत जातं,
उधळ्या माणसासारखं.
राख तो चुना जिरवते.
चिमटीचिमटीने, कुणाला न सांगता
त्याचाच दगड करते,
आणि ज्या वाटांनी समुद्राचं मीठ
लोखंडापर्यंत पोचलं असतं
त्या बुजवत राहते.

बाबा सिलेसियात, वीजकेंद्राच्या गाळण्यांवर होते.
सव्वीस वर्षं.
घरी आले की आई त्यांचा कोट दारातच झटकायची.
तेव्हा ही राख कुणालाच नको होती,
पाण्यात कालवून तळ्यात सोडत.
बगळे उतरायचे आणि फसायचे.
आता ती टनावारी मोजतात.
बाबांचा खोकला कुणी मोजला नव्हता.

नव्वदाव्या दिवशी शेवटचे तीन ठोकळे
टाकीतून काढले, पुसले, यंत्राखाली ठेवले.
एकोणपन्नास.
एक्कावन्न.
तिसऱ्याला ओल्गेर्ड माझ्यापेक्षा जवळ उभा होता.
त्याने सही केली, तारीख चुकीची घातली.

पुढच्या वर्षी वीजकेंद्र बंद होतंय.
बरंच झालं. हे मी मनापासून म्हणते.
फक्त पूर्वेकडच्या बांधाला राख कुठून आणायची,
ते कागदावर कुठेच नाही.
ओस्ताप म्हणतो, जुनी तळी उकरा, सुकवा, चाळा.

उकरू.
सव्वीस वर्षं थरावर थर बसलेत तिथे.
बाबांच्या कोटावरची तेवढी मिळायची नाही,
ती दारातूनच वाऱ्याने नेली.