वरळीचा बेडूक

पाइलिंगच्या खड्ड्यातून सुभाना वडारानं
काळी कपची काढली, थुंकी लावून पुसली.
नखाएवढा बेडूक. तंगड्या अजून उडीत.

पोरसवदा इंजिनियर म्हणाला, सहा कोटी वर्षं.
तेव्हा इथे समुद्र नव्हता, तळं होतं.
लाव्हा जरा दम खायला थांबला,
तेवढ्यात यांनी डराव डराव उरकून घेतलं.

सुभानाला कीर्तनातलं आठवलं:
दगड फोडला, आत बेडूक,
आणि बेडकापुरतं पाणी.
बापानं जन्मभर फोडले, यानं फोडले,
पाणी कधी निघालं नाही.
चाळिसाव्या मजल्यावर पोहायचा तलाव होणार आहे म्हणे.

त्यानं बाटलीत उरलेलं घोटभर
कपचीवर ओतलं.
उशीरच झाला रे, म्हणाला,
आणि घमेलं उचललं.