रुग्णाच्या शब्दांत

मिरज. तिसरा मजला. एसीची खोली.
इथं कुणी कण्हत नाही.
एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच
दुपारचा डबा मी गरम असताना खाल्ला
आणि मग उगाच अपराधी वाटत राहिलं.

कंबरेतली चकती सरकली
तेव्हा मेट्रन म्हणाल्या, एस्तेर, तू आता वर जा.
वर म्हणजे कॉम्प्युटरवर.
वॉर्डातल्या पोरी हसल्या,
"वर गेली असं कुणाला सांगू नका गं."

घड्याळ अजून छातीवर उलटंच लावते.
माझ्या बाजूनं ते सुलटं असतं.
श्रेणिक विचारतो, मॅडम, आता कशाला?
चौगुल्यांचा हा पोरगा,
यानं शीर शोधायला कुणाचा हात धरलेला नाही,
पण माझा चहा बिनसाखरेचा, हे कधी विसरत नाही.

तो फॉर्म बांधतो. मी त्याला वॉर्ड सांगते.
रात्री तीनला नर्सचा एकच हात मोकळा असतो, रे.
बटण मोठं कर.
ग्लोव्हजमधलं बोट बारीक चौकोनावर बसत नाही.
आणि "माहिती अपूर्ण" असं लाल अक्षरांत ओरडू नको,
तिचा पेशंट आत्ताच गेलेला असू शकतो.

मग आलं दुखणं.
शून्य ते दहा. एक आकडा निवडा.

मी म्हटलं, यात बेडगच्या मालूबाई बसत नाहीत.
मालूबाई म्हणायच्या, ठणकतंय.
दुसऱ्या दिवशी, ठणका गेला, आता नुसतं चावतंय.
तिसऱ्या रात्री, काही नाही गं, जड वाटतंय.
तुझ्या यादीत त्या उतरत उतरत दोनवर आल्या असत्या.
त्या "जड"वर मी डॉक्टरांना झोपेतून उठवलं होतं.

अथणीचा एक म्हातारा नुसता नोवू, नोवू करायचा.
आकडा विचारला
तर त्यानं खाटेचा नंबर सांगितला.

श्रेणिक म्हणाला, शब्दांची बेरीज होत नाही, मॅडम.
रिपोर्ट कसा काढायचा?
खरंच होतं त्याचं. मला उत्तर सुचलं नाही.
त्याचीच वही ओढली आणि मागच्या पानावर लिहीत गेले:
कळ, चमक, शिणक, तिडीक, उसण,
पिळतंय, खुपतंय, हाडात वारं शिरलंय...
पान संपलं. तो वाचत बसला.
मग म्हणाला, पप्पा "चमक" म्हणायचे.
आम्ही ॲसिडिटीची गोळी देत होतो.

चौकट मिळाली. स्क्रीनच्या तळाशी.
"रुग्णाच्या शब्दांत."
तो ऐंशी अक्षरं म्हणाला, मी दोनशे,
मंडईत वांग्यांसाठी करावी तशी घासाघीस,
एकशेवीसवर जुळलं.

चार दिवस चौकट रिकामी.
एकीनं नुसतं टिंब दिलं, पुढचं पान उघडायला.
एकीनं लिहिलं, वरीलप्रमाणे.
राग नाही आला. चाळीस खाटा, दोन सिस्टर;
मीही टिंबच दिलं असतं.

आज सकाळी लॉगिन केलं.
खाट सतरा. पहाटेचे पाच चाळीस. नोंद: रुकय्या मुजावर.
दुखणं: दोन.
खाली,
"म्हणतात, दुखत नाही. पण दिवा घालवू नको."

मान खाली घालून घड्याळ बघितलं.
कंबर धरून उठले
आणि लिफ्टची वाट न बघता
जिन्यानं खाली गेले.